औषधाला शरीर उत्तर देतं

पत्राचा सारांश : पत्रलेखिका विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी फार्मसी कॉलेजात चार वर्षांपासून शिकवतात. पहिल्या वर्षाचं ह्यूमन ॲनाटॉमी ॲण्ड फिजिऑलॉजी (शरीराची रचना आणि कार्य) आणि तिसऱ्या वर्षाचं फार्माकॉलॉजी (औषधं शरीरात कशी काम करतात) असे दोन्ही विषय त्यांच्याकडे आहेत. त्या लिहितात, "मुलं नुसते तक्ते पाठ करतात. औषधाचं नाव, गट, मेकॅनिझम, साइड इफेक्ट, उपयोग. मध्येच 'का' विचारलं की वर्ग गप्प होतो. मागच्या सेमिस्टरला डाययुरेटिक्सच्या (लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या) आधी मी किडनी पुन्हा पहिल्यापासून शिकवली. त्यात दोन आठवडे गेले, पोर्शन मागे पडला, आणि मॅडम सिलॅबसबाहेरचं शिकवतात, नोट्स देत नाहीत, अशी मुलांनी तक्रार केली. प्राचार्य म्हणाले, आधी निकाल बघा. वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली. काही डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, त्यांचा पाया कच्चा आहे. बहुतेकांना शेवटी मेडिकलच टाकायचं आहे. मग एवढा जीव कशासाठी काढायचा? सरळ नोट्स देऊन मोकळं व्हावं, की नोकरी सोडून पूर्णवेळ पीएच.डी. करावी?"

मैत्रीण,

"'का' विचारलं की वर्ग गप्प होतो" या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले. शिकवायला लागल्यावर पहिली आठ-नऊ वर्षं माझाही वर्ग असाच गप्प व्हायचा आणि मीही मुलांनाच दोष द्यायचे. एका व्हायवानं, म्हणजे तोंडी परीक्षेनं, माझं मत बदललं. वर्गात पहिली येणारी मुलगी समोर बसली होती. निफेडिपिन, कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. साइड इफेक्टमध्ये टॅकिकार्डियाही सांगितला. मी विचारलं, दाब उतरवणाऱ्या औषधानं नाडी का वाढावी? ती म्हणाली, "मॅडम, ते साइड इफेक्टच्या यादीत आहे." तिला उत्तर येत नव्हतं असं नाही, यात विचारण्यासारखं काही आहे हेच तिला जाणवलं नव्हतं.

मग मी विचारलं, बराच वेळ खाली बसून कपडे धुतले आणि झटकन उभी राहिलीस तर काय होतं? ती म्हणाली, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं. का धडधडतं? थोडा वेळ गेला आणि तिनंच एकेक जोडत नेलं. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, दाब घसरतो, दाब ओळखणाऱ्या मानेतल्या बॅरोरिसेप्टरना ते कळतं, मेंदू हृदयाला पळायला लावतो. आणि मग, "मॅडम, म्हणजे निफेडिपिननंही हेच होतंय!"

त्या मुलीला फिजिऑलॉजी येत होती आणि फार्माकॉलॉजीही येत होती. दोन्ही तिनं दोन वेगळ्या वह्यांत ठेवली होती, कारण औषधं शिकवताना मी ती कधी जोडलीच नव्हती. माझ्या शिकवण्यात शरीर निपचित पडून असायचं आणि औषध येऊन त्याच्यावर आपलं काम करून जायचं. प्रत्यक्षात शरीर प्रत्येक औषधाला उत्तर देतं. दाब खाली आणला की हृदय पळतं, मूत्रपिंडं दाब वाढवायला रेनिन सोडतात, मीठ आणि पाणी धरून ठेवतात. आपण साइड इफेक्ट म्हणून जी यादी फळ्यावर लिहितो, तिच्यातला मोठा भाग म्हणजे एक तर शरीराचं हे उत्तर असतं, किंवा पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे औषध जिथे बसतं त्या जागेवर, आपण औषध सोडलं तोच रिसेप्टर दुसऱ्या अवयवातही असल्याचा परिणाम असतो. सगळीच यादी अशी नाही. ॲलर्जी, अचानक होणारी यकृताची इजा असल्या गोष्टी या हिशेबात बसत नाहीत, त्या लक्षातच ठेवाव्या लागतात. पण तेवढ्याच पाठ करायच्या उरल्या तर ओझं किती हलकं होतं!

तुमच्या मुलांची अडचणही मला तीच दिसते. ती आळशी आहेत असं तुमच्या पत्रावरून मला वाटलं नाही. त्यांच्यासाठी शरीर हलतच नाही, म्हणून पाठांतराशिवाय त्यांच्या हातात काही नाही.

आता 'पाया कच्चा' याबद्दल. तुम्ही दोन्ही विषय शिकवता, म्हणून जरा अभ्यासक्रमाकडे बघा. हृदय आणि रक्ताभिसरण येतं पहिल्या सेमिस्टरच्या शेवटच्या युनिटमध्ये. प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिलं सेमिस्टर आक्रसतं आणि शेवटचं युनिटच घाईत उरकलं जातं. वर्गात गणित घेऊन बारावी झालेली मुलं असतात, त्यांनी दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसतं. हृदयाची औषधं येतात पाचव्या सेमिस्टरला. म्हणजे घाईत एकदा ऐकलेलं हृदय दोन वर्षांनी आपण त्यांना 'तुमचं झालेलं आहे' म्हणून सांगतो. दोन वर्षं न वापरलेली गोष्ट मलाही आठवत नाही. याला कच्चा पाया म्हणण्यापेक्षा दोन वर्षांचं अंतर म्हणा, कारण अंतर भरून काढण्याचे उपाय आपल्या हातात असतात.

आणि डिप्लोमाहून आलेल्या मुलांना तुम्ही कच्च्या बाजूला का मोजता? त्यांनी पाचशे तासांचं प्रशिक्षण केलेलं असतं. काही जण सुट्टीत अजूनही घरच्या किंवा ओळखीच्या मेडिकलमध्ये उभे राहतात. ॲम्लोडिपिनचा, म्हणजे निफेडिपिनच्याच गटातल्या रक्तदाबाच्या गोळीचा, तास असेल तेव्हा त्यांना एकच विचारा, ही गोळी नेणारी माणसं काउंटरवर काय तक्रार करतात? कोणीतरी हमखास सांगेल, "मॅडम, एक आजोबा म्हणायचे, गोळी सुरू झाल्यापासून संध्याकाळी पाय सुजतात." तो मुलगा त्या दिवशी तुमचा विषय घेऊन आलेला असतो. तिथून पुढे विचारायचं, ही सूज शरीरात पाणी वाढल्याची आहे का? मग लघवीची गोळी दिल्यावर ती फारशी का उतरत नाही? केशवाहिन्यांच्या अलीकडची छोटी धमनी सैल झाली, पलीकडची शीर तेवढी झाली नाही, मध्ये दाब वाढला आणि पाणी बाहेर झिरपलं. फळ्यावर दोन रेघा आणि मध्ये जाळी काढली की मुलं हे स्वतः सांगतात. ज्यांना तुम्ही मागे पडलेले समजता, त्यांच्याकडे खरे प्रश्न आहेत. बारावीहून आलेल्यांकडे ते नाहीत.

किडनीच्या त्या दोन आठवड्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. तुमचा हेतू योग्य होता, पण तुम्ही पहिल्या वर्षाचा धडा पहिल्या वर्षासारखाच पुन्हा शिकवलात. मुलांना तो औषधाआधीचा लांबलेला रस्ता वाटला, आणि त्यांची तक्रार अगदीच अन्यायाची नव्हती. फिजिऑलॉजी आधी आणि औषध नंतर, हा क्रम मोडून बघा.

मी पुढे काय करू लागले ते सांगते. डाययुरेटिक्सच्या पहिल्या तासाला फळ्यावर एक कोरा नेफ्रॉन, म्हणजे किडनीतली गाळणारी सूक्ष्म नळी, काढायचा आणि तो युनिट संपेपर्यंत पुसायचा नाही. एका कोपऱ्यात दोनच आकडे. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं, लघवी होते दीडेक लिटर. बाकीचं कुठे गेलं? एवढ्या एका प्रश्नावर वर्ग जागा होतो. मग सोडियम परत घेण्याचा हिशेब चित्रावर मांडायचा. पहिल्या वळणदार नळीत साधारण ६५ टक्के, हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात २५ टक्के, पुढच्या नळीत पाचेक टक्के आणि शेवटी कलेक्टिंग डक्टमध्ये दोन-तीन टक्के. औषधांची नावं अजून काढायची नाहीत. मुलांना विचारायचं, भरपूर लघवी व्हावी म्हणून तुम्ही यातलं कोणतं दार बंद कराल? सगळे ६५ टक्क्यांवर बोट ठेवतात. आणि इथे त्यांना सांगायचं की तिथे काम करणारं ॲसिटाझोलामाइड हे दुबळं डाययुरेटिक आहे.

तो क्षण चुकवू नका. वर्गात कुजबुज होते, कोणीतरी म्हणतं, "मग टक्केवारी चुकली असेल." थांबायचं, उत्तर द्यायचं नाही. शेवटी एखादी मुलगी म्हणते, "पुढच्या नळ्या ते सोडियम उचलून घेत असतील." अगदी बरोबर! एका ठिकाणी अडवलं तर पुढची ठिकाणं सांभाळून घेतात. फ्युरोसेमाइड लूपमध्ये अडवतं तेव्हा पुढे एवढा माल उचलण्याची ताकदच उरलेली नसते, म्हणून ते सगळ्यांत जोरदार. आणि हे जास्तीचं सोडियम कलेक्टिंग डक्टपाशी पोचलं की तिथे सोडियम आत घेताना पोटॅशियम बाहेर टाकलं जातं, म्हणून पोटॅशियम उतरतं. स्पायरोनोलॅक्टोन त्याच टोकाला अल्डोस्टेरॉनला, म्हणजे सोडियम धरून ठेवायला लावणाऱ्या संप्रेरकाला, अडवतं, म्हणून त्यानं पोटॅशियम राहतं, वेळेला जास्तही होतं. तक्त्यातल्या सहा ओळी एका चित्रातून निघाल्या. या सगळ्याला दोन आठवडे नाही, दोन तास लागतात, कारण किडनीतलं जे या औषधांना लागत नाही ते आपण घेतलंच नाही.

पुढच्या प्रत्येक तासाला सुरुवातीची पाच मिनिटं मुलांनी वहीच्या मागच्या पानावर तोच नेफ्रॉन न बघता काढायचा. पहिल्या दिवशी तो गांडुळासारखा येतो, हरकत नाही. आठवड्याभरात हात बसतो.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत जास्त लागलेलं वाक्य, "बहुतेकांना शेवटी मेडिकलच टाकायचं आहे, मग एवढा जीव कशासाठी काढायचा?" माझ्या मते जीव काढायचा तो त्याचसाठी. पीएच.डी.ला जाणारा मुलगा पुढे फिजिऑलॉजी स्वतः वाचेल, त्याला मार्गदर्शक असेल, ग्रंथालय असेल. मेडिकलच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलाजवळ त्या मिनिटाला डोक्यात असेल तेवढंच असतं.

हा प्रसंग रोज घडतो. साठीतले गृहस्थ आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी वर्षानुवर्षं चालू आहे. उन्हाळा आहे, दोन दिवस जुलाब झालेत. गुडघा दुखतो म्हणून ते काउंटरवर डायक्लोफेनॅक मागतात, चिठ्ठी नाही. त्यांची किडनी या घडीला काय करत्येय? शरीरातलं पाणी कमी झालंय, तेव्हा ग्लोमेरुलसमधला, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गोळ्यातला, दाब टिकवायची तिची धडपड चालू आहे. आत आणणारी धमनी, म्हणजे अफेरंट, शरीरातलंच प्रोस्टाग्लॅन्डिन उघडी ठेवतंय. बाहेर नेणारी इफेरंट अँजिओटेन्सिन आवळून धरतंय. थायाझाइडनं आधीच पाणी काढलंय. टेल्मिसार्टननं अँजिओटेन्सिनला अडवून बाहेरची धमनी सैल केली आहे. आता डायक्लोफेनॅकनं प्रोस्टाग्लॅन्डिनही काढून घेतलं तर आतली धमनी आवळते. किडनीचे दोन्ही हात बांधले गेले. गाळण थांबू शकतं.

हे तीन औषधांचं त्रिकूट 'ड्रग इंटरॅक्शन' या मथळ्याखाली एक ओळ म्हणून पाठ केलेला मुलगा त्या दुपारच्या गर्दीत विसरेल. ज्यानं दोन धमन्या आणि मधला गोळा फळ्यावर स्वतः काढलाय, तो विचारेल, "काका, बीपीची कोणती गोळी चालू आहे? जुलाब झालेत का?" आणि गोळी न देता त्यांना डॉक्टरांकडे पाठवेल. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहूनच ठेवलंय. ते पार पाडायची तयारी तुमच्या वर्गात होते. एखाद्या गावात दवाखाना आठवड्यातून दोनदा उघडतो, मेडिकल रोज उघडं असतं. तुमच्या मुलांच्या हाती किती माणसं जाणार आहेत याचा विचार तुम्ही नीट केलेला नाही, असं मला मनापासून वाटतं.

उदाहरणं पुस्तकातलीच घ्यायला हवीत असंही नाही. ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम, म्हणजे हृदय, घाम, पचन आपोआप चालवणारी मज्जासंस्था, मुलांना सगळ्यांत नकोशी, रिसेप्टरांच्या नावांची नुसती गर्दी. मी तिथे विंचवापासून सुरुवात करायचे. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट माणसं, लहान मुलं काही तासांत दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडच्या परिसरात काम करत होते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. घामानं भिजलेलं अंग, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि नंतर फुप्फुसात भरणारं पाणी. वर्गात या नोंदी एकेक करून सांगायच्या आणि मुलांना विचारायचं, हे कोणत्या मज्जासंस्थेचं काम दिसतं? विष चेतातंतूंमधल्या सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतं, ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिनचा पूर येतो, अल्फा रिसेप्टरमुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला या बंद दारांवर धडका देत रक्त ढकलावं लागतं. मग कोणता रिसेप्टर अडवाल?

अर्धा वर्ग 'बीटा' म्हणतो, कारण हृदय म्हटलं की बीटा ब्लॉकर हे पाठ असतं. बीटा अडवलं तर आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात आणि आधीच थकलेल्या हृदयाची ताकद मात्र काढून घेतली जाते. डॉ. बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन वापरलं, अल्फा-१ अडवणारी साधी, स्वस्त गोळी. वाहिन्या सैलावल्या, हृदयावरचा भार उतरला, मृत्यू फार कमी झाले. हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच राज्यात, एका छोट्या गावात, फिजिऑलॉजीच्या आधारानं विचार करणाऱ्या डॉक्टरनं शोधलेला हा उपचार आहे. ही गोष्ट ऐकल्यावर प्राझोसिनचा पहिला डोस रात्री झोपताना का घ्यायचा, हे मला कधी सांगावं लागलं नाही. उभं राहिल्यावर वाहिन्या आवळता आल्या नाहीत तर माणूस चक्कर येऊन पडणार, हे मुलंच सांगत.

तुमच्याकडे विंचवापेक्षा फवारणी जवळची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुमच्या मुलांच्या घरांत आजही आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकानं ॲसिटिलकोलीन, म्हणजे चेतातंतूंचं निरोप पोचवणारं रसायन, साचतं. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत भरलेला कफ. त्याच्या शेजारी धोतरा ठेवा. कोरडं पडलेलं तोंड, मोठ्या बाहुल्या, तापलेलं कोरडं अंग, पळणारी नाडी. फळ्याच्या दोन बाजूंना दोन माणसं काढा. धोतऱ्यात जे आहे त्यातलंच ॲट्रोपिन फवारणीच्या विषावर दवाखान्यात का देतात, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. मात्र एखाद्या मुलाच्या घरी असं काही घडलेलं असू शकतं. आधी अंदाज घ्या, सांभाळून बोला.

मराठीचा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाहीत, पण पत्रात तो आहे. माझं मत स्पष्ट आहे. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, तेव्हा संज्ञा इंग्रजीच ठेवा आणि त्यांचं स्पेलिंगही घोटून घ्या. विचार मात्र मराठीत करू द्या. 'अभिवाही धमनिका' म्हणून काही सोपं होत नाही. 'आत आणणारी' आणि 'बाहेर नेणारी' म्हटलं की होतं. दर शुक्रवारी एकाला उभं करा आणि सांगा, समोर तुझी आजी बसली आहे, ॲसिडिटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास का घ्यायची ते तिला समजाव. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं इथे अडखळतात, मराठी माध्यमातली सुटतात, आणि वर्गातलं पारडं थोडं हलतं. तसंही पुढे काउंटरवर बोलायचं आहे ते मराठीतच.

निकाल आणि पोर्शन. प्राचार्यांशी वाद घालू नका, त्यांच्यावरही दडपण असतं. सगळा विषय एकदम बदलायलाही जाऊ नका. या सेमिस्टरला एकच युनिट निवडा, आठवड्याचा ट्युटोरियलचा तास त्याला जोडा. पाचव्या सेमिस्टरच्या पहिल्या युनिटची सुरुवात हृदयाच्या हिमोडायनॅमिक्सनं, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाच्या आणि दाबाच्या हिशेबानं, होते, तेव्हा तिथे फिजिऑलॉजी सांगणं सिलॅबसबाहेरचं नाही. कोणी विचारलं तर ते पान दाखवा. प्रत्येक गटातलं एकच औषध पूर्ण शिकवा. बाकीची त्याच्यापेक्षा कशात वेगळी आहेत, एवढंच अर्ध्या पानावर छापून द्या. रक्तदाबाचं एनालाप्रिल नीट शिकवलं, ब्रॅडिकायनिन हे शरीरातलं रसायन साचून कोरडा खोकला कसा येतो हे कळलं, की रामिप्रिल वेगळं शिकवायचं काही फारसं उरत नाही, आणि लोसार्टननं तो खोकला सहसा का येत नाही हेही त्यातच आलं.

नोट्स द्या. नोट्स मागण्यात मुलांचं काही चुकत नाही, त्यांना परीक्षेची भीती असते. मीही दिल्या, फक्त त्यात 'का'च्या जागा कोऱ्या ठेवून, त्या तासाला भरून घ्यायच्या. आणि मुलांना पेपरचं गणित दाखवा. ७५ गुणांपैकी दहा-दहाचे दोन मोठे प्रश्न आणि पाच-पाचचे सात छोटे. डाययुरेटिक्सवरचं दहा गुणांचं उत्तर नेफ्रॉनच्या आकृतीनं सुरू करून तिच्यावरच औषधं दाखवली तर लिहिणं कमी लागतं आणि आठवायलाही सोपं जातं. मी वर्षानुवर्षं पेपर तपासलेत. अशी उत्तरं गठ्ठ्यात लगेच उठून दिसतात. पहिल्या वर्षी निकाल लगेच वाढेल असं वचन मी देणार नाही, माझा वाढला नव्हता. घसरलाही नव्हता. पण व्हायवाला बाहेरचे परीक्षक येऊन गेल्यावर जे बोलले, त्यानं पुढच्या वर्षी मला कोणी अडवलं नाही.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी मला कधीच मिळाली नाही. पहिलं वर्षही तुमचंच आहे. तिथे प्रत्येक संस्थेच्या शेवटी एकच औषध येऊ द्या, जास्त नको, नाहीतर मुलं तिथेही यादी करायला लागतील. जठर संपताना ओमेप्राझोल : रक्तात तासाभरात निम्मं होतं, तरी परिणाम दिवसभर का टिकतो? श्वासनलिका संपताना साल्ब्युटामॉल : पंप छातीसाठी घेतला, मग हात का थरथरतात? उत्तर तिसऱ्या वर्षाला देईन म्हणून सांगा, आणि तो प्रश्न त्यांच्या जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला लावा. दोन वर्षांनी तेच पान उघडायचं.

पीएच.डी. करायची असेल तर जरूर करा, पण ती या वर्गापासून सुटका म्हणून करू नका. आणि निर्णय सेशनल परीक्षेचे गठ्ठे टेबलावर पडलेले असताना घेऊ नका. एक युनिट करून बघा, मग ठरवा.

सुरुवात नाडीपासून करा. त्याला काही साहित्य लागत नाही, आणि पहिल्या सेमिस्टरला मुलांनी नाडी मोजून जर्नलात लिहिलेली असतेच. आडवं पडून मोजायची, मग उभं राहिल्याबरोबर पुन्हा. आकडे फळ्यावर लिहा, का वाढली ते विचारा आणि निफेडिपिनचं नाव शेवटी काढा. ज्यांना बरं नाही त्यांना आग्रह करू नका. मुली वर्गात बाकावर आडव्या व्हायला संकोचतील, तर बसून आणि उभं राहून मोजलं तरी चालतं. फरक थोडा कमी येतो, पण येतो.